हिरवी खूण

निरुपमाच्या नेमात कधी खंड पडत नसे. पहाटे अंघोळ, देवापुढे निरांजन, पोथीचा एक अध्याय. आणि अलकापुरीतल्या ऑफिसात पोचल्यावर, चहाला हात लावण्याआधी, मॅन्युअलचं पानन् पान. कोयलीच्या बाजूला एक रसायनांचा कारखाना होता. तिथे गॅस गळायला लागला की सायरन वाजवून नळाची झडप आपोआप बंद करणारं सॉफ्टवेअर तिच्या ऑफिसात तयार होई. ते कसं वापरायचं, हे लिहायचं काम निरुपमाचं. कोड बदलला की त्याच्या पानापुढे लाल खूण उमटे. तिने पान वाचून, सुधारून सेव्ह केलं की हिरवी. सगळी पानं हिरवी होईपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नसे.

"ताईंचा हा दुसरा देव्हारा," कोड लिहिणारा आनंद चिडवायचा.

श्रावण लागला तसे उपास वाढले. त्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरून निघायला उशीर होऊ लागला. नेम मोडला नाही; वाचणं मात्र सुटलं. पान उघडायचं, सेव्ह करायचं, पुढचं उघडायचं. बोटांतून माळ सरकत राहावी आणि सगळं चित्त गॅसवरच्या दुधाकडे असावं, तसं. लाल खुणा मुकाट्याने हिरव्या होत होत्या.

गुरुवारी दुपारी आनंद तिच्या टेबलाशी आला आणि फराळी चेवड्याची चिमूट उचलत म्हणाला, "ताई, तुम्ही मनकवड्या आहात बुवा! झडपेचं पान मी सांगायच्या आत बदललंत."

"कुठलं पान?"

"अहो, 'सायरन शांत करा'चं. खोटे अलार्म वाजतात आणि काम अडतं म्हणून कारखान्यानेच मागितलं होतं ना. आता ते बटण दाबलं की सायरन थांबतो आणि झडपही उघडते. कोड तयार होता, तुमच्या पानापायी थांबलो होतो. काल बघितलं तर हिरवं! म्हटलं, ताईंच्या नजरेखालून गेलंय, मग काय बघायचं? आज सकाळी चढवलं तिकडे. पानाची नवी प्रतही पाठवली."

निरुपमाने पान उघडलं. वाक्य तिचंच होतं, आणि जुनंच: 'हे बटण दाबल्यावर फक्त आवाज थांबतो. झडप बंदच राहते. त्यानंतर तपासणीसाठी खाली जावे.'

 कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये आज तिचा नवरा ड्यूटीवर होता. बायकोने लिहिलेलं पान म्हणून विश्रामने ते मोठ्या कौतुकाने भिंतीवर चिकटवलं होतं.

"काय झालं, ताई?"

"मी वाचलं नव्हतं, आनंद."

"पण हिरवं होतं की!"

"हो. मीच केलं होतं."

आत मोबाईल नेऊ देत नसत. तिने कंट्रोल रूमचा फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. देवाचं नाव घ्यायला ओठ उघडले, पण ते नावही नुसतंच सरकतंय असं वाटून तिने मिटून घेतले. मग रिंग वाजली.

"अगं, या वेळेला? उपास मोडलास की काय?" विश्राम मजेत होता.

"अहो, आज सायरन वाजला का?"

"घ्या! पोथीत आलं होतं वाटतं? आत्ताच वाजला. साहेबांना कळवत होतो, म्हणून फोन अडकलेला. बटण दाबलं, झालं शांत. भिंतीवर बाईसाहेबांचं पान आहे ना. गोविंदराव खाली नळ बघायला गेलेत." गोविंदरावांनी त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं, दर गुरुवारी निरुपमा त्यांच्यासाठीही खिचडी पाठवी. "जाताना मला म्हणाले, 'डबा उघडू नकोस, आल्यावर दोघं खाऊ.'"

"झडप बंद आहे?"

"पानावर लिहिलंयस की तूच."

"पान बघू नका!" ऑफिसात कोणी तिचा इतका चढलेला आवाज ऐकला नव्हता. "स्क्रीन बघा. झडपेचा रंग कुठला?"

पलीकडे खुर्ची करकरली.

"हिरवा," विश्राम म्हणाला. आवाजातली मजा गेली होती. "निरू, हिरवी म्हणजे उघडी."

"बंद करा. आधी बंद करा!"

रिसीव्हर टेबलावर आपटला. लांबून त्याचा आवाज येत राहिला, "गोविंदराव, वर या! गोविंदराव, ऐकू येतंय का?" थोडं थांबून पुन्हा तेच. उत्तर आलं नाही. सायरन परत सुरू झाला, आणि त्या कल्लोळात लोखंडी जिन्यावरून कोणीतरी धावत खाली गेलं.

"मास्क लावून जा हो," ती म्हणाली. ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

आनंद दुसऱ्या फोनवरून फायर ब्रिगेडला पत्ता सांगत होता.  समोर एकूणएक पान हिरवं होतं. निरुपमा रिसीव्हर कानाशी घट्ट धरून जिन्यावरून पावलं वर येतात का, याचा कानोसा घेत राहिली. दोन माणसांची पावलं.