नवं

सालईटोलीत डोंगरावरच्या देवापुढं ठेवल्याशिवाय नवं काही कोणी तोंडात घालत नाही. मोहाचं फूल असो, पाडाचा आंबा असो, वालाची पहिली शेंग असो. आधी देवाला, मग गावाला, तेव्हा नवं झालं म्हणायचं. आणि एखाद्यानं आधीच खाल्लं तर त्यानं स्वतःच्या हातानं सगळ्या गावाला वाढायचं आणि सगळ्यांच्या शेवटी पानावर बसायचं. दंड एवढाच, पण मोठमोठ्यांची जिरवणारा.

या गोंडांच्या गावातली काजल उईके लहानपणी देवाच्या आधी कधी कैरीच्या फोडीलाही शिवली नव्हती. आणि हीच काजल वर्ध्याच्या कॉलेजात आपल्याच गावावर पीएच.डी. करायला लागली तेव्हा सगळ्यात मोठं नवं खाऊन बसली. शिकल्या माणसाची अक्कल कधीकधी अशी चरायला जाते.

झालं असं, की नागपूरच्या एका परिषदेत तिनं निबंध वाचला आणि गावाला न विचारता मागच्या पडद्यावर डोंगरावरच्या देवाच्या जागेचा फोटो दाखवला. मोहाचं झाड, खालचे दगड, सगळं. टाळ्या कडाडल्या. कोणीतरी तो फोटो मोबाइलवर फिरवला आणि पुढच्या रविवारपासून शहरातली पोरंपोरी गाड्या घेऊन डोंगरावर. एकानं तर देवाच्या दगडावर पाय ठेवून व्हिडिओ काढला.

गावानं ग्रामसभा घेतली. ठराव झाला, यापुढं काजलशी कोणी काही बोलायचं नाही.

वर्ध्याजवळ नालवाडीतल्या भाड्याच्या खोलीत काजलला हे कळलं. प्रबंध जमा करायला जेमतेम काही महिने उरले होते. पण तिला रडू आलं ते त्यासाठी नव्हे. आपलंच गाव आपल्याला पाहून दार लावून घेतं, हे तिला सोसवेना. दुसऱ्याच दिवशी तिनं एसटी पकडली.

मोठीमाय, म्हणजे तिची थोरली काकू शकुंतलाबाई, अंगणात चारोळ्या फोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मोठीमाय, माहं चुकलं."

"चुकलं तं चुकलं. रडून का होते व?" शकुंतलाबाईनं दगड खाली ठेवला. "नवं खाल्लं ना तू? मंग दंड ठाऊक हाय ना तुले?"

"जेवण घालू गावाले?"

"भाताचं नवं थोडी खाल्लं तू! जे खाल्लं तेच वाढ."

काजलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं पिशवीतून प्रबंधाचा कच्चा खर्डा काढला आणि तिथंच सांगितलं, याचं पान न् पान गावापुढं वाचीन. गाव खोडेल ते खोडीन. गावाचं मन भरल्याशिवाय कागद विद्यापीठात जाणार नाही.

मोठीमायनं हे ग्रामसभेपुढं मांडलं, सभेनं ठराव मागं घेतला आणि दर रविवारी समाजमंदिराच्या ओट्यावर वाचन सुरू झालं. बाया सूप घेऊन यायच्या, माणसं तंबाखू मळत बसायची. पहिल्याच प्रकरणात घोडं अडलं.

"उपजीविकेची साधने मर्यादित आहेत," काजलनं वाचलं.

"थांब!" रूपराव भुमका ओरडला. भुमका म्हणजे देवाचं सगळं पाहणारा. "मर्यादित? हा डोंगर दिसून नाई राह्यला का तुले? मोह, तेंदू, चारोळी, मध. कोणाचं हाय मर्यादित?"

सगळा ओटा हसला. काजलनं वाक्य खोडलं आणि रूपरावचं म्हणणं लिहिलं. असं करत करत प्रबंध कुठं बारीक झाला, कुठं चांगला गुटगुटीत झाला. सहावं प्रकरण देवाच्या जागेचं, तिचं सगळ्यात लाडकं. ते मात्र ओट्यावर कोणालाच रुचलं नाही. नकाशा काढून टाक, म्हणाले. गाणं वगळ. फोटो मिटव. चाळीस पानांची दोन पानं उरली, आणि त्यांत काय होतं? गावानं काय सांगायचं नाही ठरवलं, आणि का.

तिच्या मार्गदर्शक सुरभी मॅडमनी कपाळाला हात लावला. "काजल, यावरच तुझा सगळा डोलारा उभा होता. परीक्षक सोलून काढतील."

"काढू द्या, मॅडम," काजल म्हणाली.

तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. सहसा चार विद्यार्थी आणि चहावाला येतो. त्या दिवशी अख्खी सालईटोली आली. पहाटेच्या गाडीनं कारंज्याला, तिथून वर्ध्याला. नऊवारी, धोतरं, काखेतली पोरं. शिपायानं जास्तीच्या खुर्च्या आणून आणून घाम पुसला.

बाहेरून आलेले परीक्षक माणूस करडा. पानं उलटत सहाव्या प्रकरणाशी थांबले.

"दोन पानं? पुरावा कुठे आहे?"

"जागा आहे, सर. मी पाहिली आहे. ती दाखवायची नाही, असं गावानं ठरवलं."

"फोटो असेल की तुमच्याकडे."

"होता. मी मिटवला."

सुरभी मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"उद्या कोणी शंका घेतली तर?"

"तर त्यानं गावात जावं आणि विचारावं." काजल म्हणाली. "गाव कदाचित नाही म्हणेल. सर, आमच्यावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं. लिहिणारे आले, मोजून गेले, फोटो काढून गेले. मी पण तेच केलं होतं. 'नाही' म्हणायची सोय आम्हाला कोणी ठेवली नव्हती. या दोन पानांत ती आहे. माझ्या संशोधनाचा निष्कर्ष हाच."

परीक्षकांनी ती दोन पानं पुन्हा वाचली. मग रिवाजाप्रमाणं त्यांनी सभागृहाला विचारलं, "कोणाला काही प्रश्न?"

शकुंतलाबाई उभी राहिली. "काजल, हे समदं आमाले इचारून लिवलं ना?"

"हो, मोठीमाय."

"मंग माहा काई सवाल नाई." आणि खाली बसली.

परीक्षकांचा करडेपणा कुठल्या कुठं गेला, ते मोकळं हसले. "माझाही नाही," म्हणाले, आणि पदवीची शिफारस तिथंच जाहीर केली. टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. रूपरावनं तर फेटाच भिरकावला. सुरभी मॅडम पेढ्यांचा डबा घेऊन धावल्या आणि पेढा काजलच्या ओठाशी नेला.

काजलनं तोंड घट्ट मिटलं.

"अगं, काय झालं?"

"आत्ता नाही, मॅडम. आधी वर."

मॅडमना क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी पेढा डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा शकुंतलाबाईच्या हाती दिला.

गावी परतल्यावर उन्हं कलताना रूपराव प्रबंध डोक्यावर घेऊन डोंगर चढला. मागं सारं गाव. त्यानं प्रबंध देवापुढं ठेवला, वर एक पेढा ठेवला आणि हात जोडले. मग खाली समाजमंदिरापुढं पंगत बसली. काजलनं पदर खोचून भात वाढला, वरण वाढलं, म्हाताऱ्यांना आग्रह केला, पोरांच्या पानावर एकेक पेढा ठेवला. डॉक्टर झालेली बाई गावभर घाम गाळत वाढत होती आणि इतकी खूश ती उभ्या जन्मात झाली नव्हती.

सगळं गाव हात धुऊन आलं तेव्हा ती पानावर बसली. डब्यात पेढा उरला नव्हता. शकुंतलाबाईनं पदराची गाठ सोडली. आत वरून आणलेला देवापुढचा पेढा होता.

"आ कर, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "खा आता. नवं झालं."