कोपऱ्यातलं घड्याळ

ताईने राजीनामा आणून माझ्या हातात दिला तेव्हा मी ब्रेड भाजत होते. रविवारची सकाळ होती. "मोठ्याने वाच आणि काही चुकलंय का सांग," ती म्हणाली. चार ओळींचा कागद होता, ऑफिसातून छापून आणलेला. मी पहिली ओळ वाचली, दुसरी मनात वाचली, आणि तेवढ्यात ब्रेड करपला.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती नऊ वर्षांची असताना तापात तिची नजर गेली. मी तेव्हा दोन वर्षांची होते, त्यामुळे डोळस ताई मला आठवतच नाही. मला आठवते ती कपाटातून न चाचपडता हवा तो मोजा काढणारी, मला गणितं शिकवणारी आणि माझ्या पावलांच्या आवाजावरून मी काय उद्योग करून आलेय ते ओळखणारी. आम्ही दोघींनी लग्नं केली नाहीत. एका घरात राहतो आणि एकाच ठिकाणी नोकरी करतो.

ती जागा म्हणजे पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकणारी कंपनी. मेकॅनिक लोक फोन करतात, कुठल्या पंपाला कुठलं बेअरिंग, कुठलं सील हवंय ते सांगतात, आणि ऑर्डरींच्या खोलीतल्या नऊ खुर्च्यांवरची माणसं ते भरून घेतात. ताई खिडकीजवळच्या खुर्चीवर बसते. माझं काम त्या नऊ पडद्यांवरचा प्रोग्रॅम सांभाळायचं. ही नोकरी मला ताईच्या शब्दावर मिळाली. ती ते कधी बोलून दाखवत नाही, आणि मी ते विसरत नाही. निदान मला तसं वाटत होतं.

प्रोग्रॅम जुन्या वळणाचा आहे. काळा पडदा आणि नुसती अक्षरं. चित्रं नाहीत, माउस नाही. पण त्या अक्षरांच्याच मी खिडक्या केल्या आहेत. डावीकडे गिऱ्हाइकाची, मध्ये भागांच्या यादीची, खाली ऑर्डर भरायची. प्रत्येकीची उंची, रुंदी आणि जागा मी ठरवलेली. एका खिडकीवर दुसरी उघडली आणि मग बंद केली, की खालची पुन्हा रंगवावी लागते. नाही रंगवली तर मेलेल्या खिडकीची अक्षरं पडद्यावर भुतासारखी राहतात. बसणाऱ्याला यातलं काही कळत नाही, आणि कळू नये याचाच मला पगार मिळतो.

ताईच्या कीबोर्डपुढे ब्रेलची पट्टी असते, हातभर लांब. पडद्यावर कर्सर, म्हणजे पुढचं अक्षर जिथे पडणार ती लुकलुकणारी खूण, ज्या ओळीवर असेल ती ओळ पट्टीवर उमटते. बारीक टाचण्या वर येतात, खाली जातात, त्यांची अक्षरं होतात, आणि ताई ती बोटांनी वाचते. त्या खोलीत सगळ्यांत पटकन ऑर्डर घेणारी आणि सगळ्यांत कमी चुकणारी तीच होती. होती, म्हणजे दीड महिन्यापूर्वीपर्यंत.

दीड महिन्यापूर्वी नवे साहेब आले. माणूस वाईट नाही, पण नव्या झाडूसारखा प्रत्येक कोपऱ्यात शिरणारा. फोन फार लांबतात, चार मिनिटांत संपले पाहिजेत, म्हणून प्रत्येक पडद्यावर घड्याळ हवं, सेकंदांसकट, असं त्यांनी मला सांगितलं. मी अर्ध्या तासात वर उजव्या कोपऱ्यात तीन ओळींची एक छोटी खिडकी उघडली, तिला चौकट काढली, आत घड्याळ बसवलं. साहेब खूश झाले. मीही झाले, उगाच नाही म्हणणार नाही. ताईला मी घरी सांगितलं की कोपऱ्यात एक घड्याळ आलंय, तुझ्या कामाचं नाही.

त्याच सुमाराला ताई चुकायला लागली. सीलच्या जागी गास्केट गेलं. एका पंपाचा भाग दुसऱ्याच पंपाच्या नावावर गेला. एका वसाहतीचं पाणी दीड दिवस बंद राहिलं, कारण मेकॅनिकने खोकं उघडलं तर आत भलतंच बेअरिंग. सहा आठवड्यांत अकरा चुका झाल्या. साहेबांनी तिला बोलावून घेतलं आणि खालच्या मजल्यावर खोकी बांधायच्या कामाचा विषय काढला. तिथे बसून काम करता येईल, ताण नाही, असं ते चांगल्या मनाने म्हणाले म्हणे. आणि मी घरी काय केलं, तर तिला रागावले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. लक्ष कुठे असतं तुझं, लोक माझ्याकडे बघतात, असंही बोलले.

आता तो कागद माझ्या हातात होता आणि चूक एकही नव्हती. मी विचारलं, हे कशासाठी?

"बोटं गेली माझी," ताई म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, तेही असं की जणू शेजारणीबद्दल सांगतेय. पट्टीवर अक्षर हाताला लागतं आणि लागता लागता विरघळतं. परत बोट फिरवलं की असतं, पुढे गेलं की पुन्हा नसतं. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्यासारखं होतं. ती एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आली होती. रक्तात साखर थोडी वाढली होती, आणि साखरेने बोटं बधिर होऊ शकतात, असं डॉक्टर म्हणाले होते. पुढच्या महिन्यात आणखी एक तपासणी होती. खोकी बांधत बसण्यापेक्षा आपल्या पायांनी बाहेर पडलेलं बरं, असं तिचं म्हणणं.

मी टेबलावरच्या पुस्तकाकडे पाहिलं. ताईची ब्रेलची पुस्तकं जाडजूड असतात. एक कायम टेबलावर उघडं, आणि रोज संध्याकाळी तिची बोटं कागदावर सरकल्याचा बारीक आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकत आलेय. आता ते मिटलेलं होतं आणि वर धूळ होती. ती हल्ली रेडिओ ऐकत होती आणि मला ते दिसत होतं, पण मी कधी त्याचा विचार केला नव्हता. मी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. म्हटलं, एक पान वाचून बघ, म्हणजे कळेल तरी.

"नाही उघडणार."

"का?"

"उघडलं आणि तिथेही नाही लागलं, तर मग माझ्याकडे राहिलं काय?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते. मी म्हटलं, राजीनामा उद्या सकाळी नाही द्यायचा, जेवणाच्या सुट्टीत द्यायचा. सकाळभर मी तुझ्या शेजारी बसणार. ती म्हणाली, "बसून काय करणार, भिंगरे? तुला कुठे ब्रेल येतं?" टोमणा नव्हता तो. मी बावन्न वर्षांची आहे, तिच्यासोबत सगळा जन्म काढलाय, आणि मला ब्रेलचं एक अक्षर येत नाही. ती भिंगरी म्हणते ते एका जागी बसत नाही म्हणून. शिकायला बसावं लागतं.

सोमवारी बसले. ताईच्या पर्समध्ये तो कागद होता आणि जेवणाची सुट्टी एक वाजता होती. पहिला फोन आला. मेकॅनिक घाईत होता. ताईने भाग ऐकला, नंबर टाकला, यादीची ओळ पट्टीवर आली. तिची बोटं ओळीवरून गेली, अर्ध्यात थांबली, मागे आली, परत गेली. तिने नंबर पुन्हा विचारला. मग तिसऱ्यांदा विचारला. पलीकडचा माणूस वैतागल्याचं मलाही ऐकू आलं. पडद्यावर ओळ स्वच्छ दिसत होती आणि माझ्या बहिणीला ती वाचता येत नव्हती.

असे चार फोन झाले. साडेदहाच्या सुमाराला फोन जरा थंडावले. ताईने हात मांडीवर घेतले आणि अंगठ्याने एकेका बोटाचं टोक चोळायला लागली. मला ते बघवेना. करायला काही नव्हतं म्हणून मी माझं बोट त्या पट्टीवर ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हे लिहायलाही लाज वाटते. बोटाखाली ठिपके लागले. कसले ते मला कळणार नव्हतं. आणि एकदम ते खाली गेले, दुसरेच काही अर्धवट वर आले, आणि पहिले परत आले.

वाटलं, माझाच हात हलला. पण पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा.

कोणी काही टाइप करत नव्हतं. पडद्यावर ओळ जागच्या जागी होती. पट्टीने गप्प बसायला हवं होतं, आणि ती थरथरत होती. मी बोट न उचलता मान वर केली. कोपऱ्यात माझं घड्याळ चालू होतं. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. प्रत्येक आकड्याला माझ्या बोटाखाली एक थरथर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. रक्त तपासलं, साखर मोजली, डॉक्टर झाले, आणि दुखणं माझ्या तीन ओळींच्या खिडकीत होतं. पडद्यावर कुठेही काही लिहायचं तर कर्सरला तिथे जावं लागतं. मी दर सेकंदाला कर्सर कोपऱ्यात पाठवत होते, घड्याळ लिहून घेत होते आणि ऑर्डरच्या खिडकीत परत आणत होते. हे इतकं झटकन होतं की डोळ्यांना दिसत नाही. आठ खुर्च्यांवरच्या डोळसांना ते दिसलंच नाही, मलाही नाही. पण पट्टी बिचारी कर्सरच्या मागे जाते. घड्याळासाठी टाचण्या अर्ध्या वर येतात तोच परत फिरायचा हुकूम येतो. ताईची बोटं ओळीच्या मध्यावर असताना ओळच निघून जात होती, दिवसभर, दर सेकंदाला, सहा आठवडे.

ताईला एवढंच म्हटलं, हात ठेवू नकोस, आलेच. माझ्या टेबलाशी जाऊन तिच्या खुर्चीचं घड्याळ बंद केलं. चार मिनिटं लागली. परत येऊन म्हटलं, आता वाच.

तिने हात पट्टीवर ठेवले. डावीकडून उजवीकडे गेली. पुन्हा गेली. मग यादीच्या पुढच्या ओळीवर, मग त्याच्या पुढच्या. तिचा चेहरा काही सांगेना.

"काय केलंस?"

मी सांगितलं. घड्याळ, कर्सर, टाचण्या, सगळं. ती चिडेल, निदान दोन शब्द सुनावेल, असं वाटत होतं, आणि सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे चूक तुझी?" तिने विचारलं.

"माझी."

"माझ्या बोटांची नाही?"

"नाही ताई. सगळी माझी."

"तुझी चूक ऐकून मला जन्मात इतका आनंद झाला नव्हता," ताई म्हणाली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, रडायला लागली. फोन वाजला. तिने नाक पुसलं, फोन घेतला, आणि दोन मिनिटांच्या आत पाच भागांची ऑर्डर एकही नंबर दुसऱ्यांदा न विचारता भरली.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हे लिहून द्याल का, असं विचारलं. मी लिहून दिलं की त्या अकरा चुका माझ्या नावावर घालाव्यात. मग त्यांनी विचारलं की इतके दिवस तिने कोणाला काही विचारलं कसं नाही. मी म्हटलं, विचारायला तिला मीच होते, आणि मी तिला घरी रागावत होते. पुढच्या दोन आठवड्यांचं काम बघून खोक्यांचा विषय बंद करू, असं ते म्हणाले. इतरांच्या पडद्यावरचं घड्याळ तेवढं राहू दे, हेही म्हणाले. ताईला वेळ हवी असेल तेव्हा दाबायला एक कळ मी दुपारी करून दिली. ती तिने लगेच तीनदा दाबून पाहिली.

संध्याकाळी घरी आल्यावर मी टेबल पुसलं, पुस्तकावरची धूळही पुसली. ताई येऊन पुस्तकापुढे बसली, पण उघडेना. साखर खोटी नव्हती, तपासणीही व्हायचीच होती. पट्टीचं कारण सापडलं म्हणून बोटांची भीती एका दुपारीत जात नाही. तिने मला आत जायला सांगितलं. मी नाही गेले. पर्समधून तो कागद काढून मी विचारलं, फाडू का? तिने हात पुढे करून तो घेतला, त्याची घडी घातली, पुस्तक दोऱ्याच्या खुणेवर उघडलं, आणि दोरा काढून तिथे ती घडी ठेवली. मग दोन्ही हात पानावर टेकवले.

पहिली ओळ तिने फार हळू वाचली. दुसरी जरा लवकर. मग तो बारीक आवाज सुरू झाला, कागदावर बोटं सरकल्याचा. तिने पान उलटलं.

"लागतंय?" मी विचारलं.

"गप्प बस," ताई म्हणाली. "सहा आठवडे मागे राहिलेय मी."