लख्ख खोली

मावशीच्या खोलीची तपासणी होणार म्हटल्यावर भाचीने कंबर कसली. ती एका लॉजमध्ये खोल्या आवरायची आणि त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मावशीला आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. दृष्टी गेलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर तिचं भागत होतं; पण अट अशी, की दिलेल्या पत्त्यावर माणूस खरंच राहत असलं पाहिजे. कुणा भल्या माणसाने कळवलं होतं, म्हातारी तिथे राहतच नाही म्हणून! मदत बंद झाली तर खोली सुटणार आणि मावशीची रवानगी दूरच्या आश्रमात होणार. आईच्या माघारी याच बाईने भाचीला वाढवलं होतं.

तपासणीच्या सकाळी तिने मावशीला शेजारणीकडे बसवलं आणि खोलीवर तुटून पडली. विटकी पांघरुणं, फुटका कंगवा, झिजक्या चपला, सगळं पोत्यांत कोंबून आपल्या घरी टाकून आली. खाट खिडकीखाली सरकवली. भिंती घासल्या. मग मावशीला आणायला वळते, तोच तपासनीस दारात हजर.

शेजारणीने मावशीला दारापर्यंत आणून सोडलं. मावशी आत आली आणि धाडकन खाटेवर आपटली.

"अगं बाई! ही इथे कुठून आली?"

तपासनिसाने भुवई उंचावली. स्वतःच्याच घरात धडपडणारी बाई! त्याने कपाट उघडलं. रिकामं. मोरीत डोकावला. कोरडी ठणठणीत, दात घासायचा ब्रशसुद्धा नाही.

"इथे कोणी राहत असेल असं वाटत नाही," तो म्हणाला.

"सामान माझ्या घरी आहे हो!" भाची घाईघाईने म्हणाली.

"म्हणजे या तुमच्याकडे राहतात?"

आपल्या हाताने आपण मावशीला घराबाहेर काढलं, हे भाचीला त्या क्षणी लख्ख कळलं.

"काय करून ठेवलंस गं?" मावशीने विचारलं.

"लॉजमध्ये हेच शिकवतात, मावशी. आधीच्या माणसाचा मागमूस ठेवायचा नाही." तिला रडू फुटलं. "साहेब येणार म्हणून..."

"असं सगळेच सांगतात," तपासनीस दाराकडे वळत म्हणाला.

"खाट होती तिथे लाव," मावशी म्हणाली.

भाचीने खाट ओढली. जमिनीला पडलेल्या खळग्यांत खाटेचे पाय अलगद बसले. मग मावशी निघाली. भिंतीला हात लावत, न अडखळता, दारापासून मोरीपर्यंत. तपासनीस थबकून बघत राहिला. तिचा हात जिथून सरकत होता, तेवढ्याच उंचीवर भिंतीचा रंग पार खरवडला गेला होता.

"हे काय?"

"तिच्या हाताचा मळ होता साहेब," भाची नाक पुसत म्हणाली. "जन्माचा बसलेला. जीव खाऊन घासला तेव्हा गेला."

तो वाकला, त्या पट्ट्यावरून त्याने बोट फिरवलं. मग पेन काढलं.

"राहतात," असं मोठ्याने म्हणत त्याने लिहिलं आणि गेला.

मावशी अजून भिंतीपाशीच होती. तिथला गुळगुळीतपणा गेला होता, नुसतं खरखरीत लागत होतं.

"पोती घेऊन ये," ती म्हणाली. "आणि माझ्या घरात पुन्हा फडकं घेतलंस तर बघ!"

मग तिने तळहात भिंतीवर दाबला आणि पुन्हा दारापासून चालायला लागली.