घरच्यांना किती त्रास?

पिंपरीतल्या एका दवाखान्यात लघवीच्या आजारांच्या ओपीडीबाहेर मिनल नावाची मुलगी टॅब घेऊन बसली होती. पेशंटला काय होतं ते डॉक्टर तपासत होते. पेशंटमुळे घरच्यांचं काय होतं, हे मोजायचं काम तिच्याकडे होतं. ज्या घराचा त्रास जास्त भरेल त्या घराला दिवसभर सांभाळायला एक बाई मिळणार होती, तीही फुकट.

हे कळल्यापासून वर्षाली आशेवर होती. तिच्या सासूला, सोजरबाईंना, लघवी लागली की दम धरवत नसे. त्यांच्यापायी तिने चाकणच्या कंपनीतलं वायरिंगचं काम सोडलं होतं. आता तिथे जागा निघाली होती आणि सुपरवायझर बाईंनी ती सोमवारपर्यंत तिच्यासाठी धरून ठेवली होती. कंपनीची बस दापोडीत त्यांच्या खोलीसमोरूनच जायची, आणि त्या वेळी ही दोरीवर लुगडी वाळत घालत असायची.

"घरच्यांपैकी कोण उत्तरं देणार?" मिनलने विचारलं, आणि वर्षालीच्या नवऱ्याने, नवनाथने, खुर्ची पुढे ओढली. बाहेरच्या माणसाने घराबद्दल काही विचारलं की उत्तर कर्त्या पुरुषाने द्यायचं, हे त्यांच्याकडे ठरलेलंच होतं. बायको शेजारी बसली, पिशवी सांभाळत.

"आजींच्या त्रासामुळे झोपमोड होते?"

"न्हाई. झोप मस्त हाय."

मस्तच असणार. हा गृहस्थ झोपला की उशाशी ढोल बडवला तरी उठत नाही.

"कपडे, अंथरुणं धुण्याचं काम वाढलंय?"

"मशीन हाय की घरी."

वर्षालीच्या अंगाची लाही लाही झाली. मशीन होतं, पण ते त्याच्या युनिफॉर्मसाठी. आईची लुगडी त्यात टाकायची नाहीत, वास लागतो, हा त्याचाच हुकूम. ती मोरीत घासून घासून हिच्या बोटांची सालं निघाली होती.

"बाहेर जाणं-येणं कमी झालंय?"

"छ्या. आमच्या घरात कुनालाच काय त्रास न्हाई, मॅडम. आई हाय ती आमची."

आईचा त्रास होतो असं चारचौघांत म्हणणं त्याला पाप वाटत होतं. ज्याला करावं लागत नाही त्याचं असं म्हणायला काय जातंय? घराची अब्रू याची आणि मोरी हिची.

"मॅडम, मी सांगू का?" वर्षाली म्हणाली.

"तू थांब गं."

मिनल घुटमळली. "आजींजवळ सगळ्यात जास्त जे असतात, त्यांनीच उत्तरं द्यायची आहेत."

"मीच की. मुलगा हाय मी," नवनाथ म्हणाला. आपण खोटं बोलतोय असं त्याला मुळी वाटतच नव्हतं.

तेवढ्यात मागच्या बाकावर बसलेल्या सोजरबाईंना लागली. त्यांनी सवयीने सुनेपुढे हात केला. "वर्षाली, चल माय, लवकर."

वर्षाली उठली नाही. "यांना सांगा, आत्या. हेच असतात ना तुमच्याजवळ."

नवनाथ उठला. संडास कुठे आहे ते त्याला माहीत नव्हतं, आईला कुठून धरायचं तेही माहीत नव्हतं. कोणाला तरी विचारायला तो वळला आणि सोजरबाईंचं लुगडं भिजलं. फरशीवर ओघळ आला, तसे बाकावरच्या लोकांनी पाय वर घेतले.

"घरी असं कधीच होत न्हाई हो, मॅडम," नवनाथ ओशाळून म्हणाला.

त्याच्या एक थोबाडीत द्यावी असं वर्षालीला वाटलं, आणि मग स्वतःच्याही. राग नवऱ्यावर होता आणि भिजली होती म्हातारी. तिने पिशवीतलं कोरडं लुगडं काढलं आणि सासूला धरून संडासात नेलं.

"चुकलं माझं, आत्या," लुगडं बदलताना ती म्हणाली.

"चुकलंच. राग त्याचा आन् लाज माझी काढलीस."

दोघी बाहेर आल्या तेव्हा नवनाथ अजून त्याच खुर्चीत बसला होता.

"ऊठ तिथून," सोजरबाई लेकाला म्हणाल्या. "तिला बसू दे."

"आई, लोकांत कशाला..."

"लोकांनी पाय वर घेतले ते बघितलं न्हाईस?"

तो उठला. वर्षाली बसली. "सोमवारपासून मी कामाला जाणार," ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली. "बाई मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर शिफ्ट बदलून घ्या आणि मोरीत बसा." मग ती मिनलकडे वळली. "विचारा, ताई."

मिनलने पुन्हा पहिल्यापासून विचारलं. झोप, धुणं, येणं-जाणं, सुटलेलं काम. सासू शेजारी बसून ऐकत होती, आणि वर्षालीने यातलं काहीही कमी करून सांगितलं नाही. शेवटच्या प्रश्नाशी मिनलचा आवाज खाली आला. "यातून एकदाचं सुटावं, असं कधी वाटतं?"

वर्षालीने सासूकडे पाहिलं. "रोज वाटतं."

सोजरबाईंनी मान खाली घातली नाही.

"मला बी रोजच वाटतं," त्या मिनलला म्हणाल्या. "ते कुठं लिहायचं?"