तळघर न पाहिलेला कागद

मी एक कागद बोलतोय. जे सांगणार आहे त्यातलं किती मला खरंच आठवतं आणि किती नंतरच्या चौकशीत माझ्यासमोर इतक्यांदा बोललं गेलं म्हणून आठवल्यासारखं वाटतं, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. मी कार्बनखालची चौथी प्रत. वरच्या तिघांवर जे ठळक उमटलं, ते माझ्यापर्यंत येईतो पुसट झालं. तेव्हा माझ्या शब्दावर फार विसंबू नका. पण ऐका.

माझं नाव रवानगीपत्र. एका मोठ्या इस्पितळात किरणोत्सर्गी औषधांनी तपासण्या होत. त्यातून उरलेले हातमोजे, सुया, बाटल्या, पुसलेली फडकी असा कचरा पत्र्याच्या पिंपांत भरून तळघरात ठेवत. फार भयंकर नव्हे, पण घरच्या केरात टाकण्यासारखाही नव्हे. महिन्यातून एकदा ट्रक यायचा आणि पिंपं दूरच्या साठवण केंद्रात जायची. कुठलं पिंप कुठून निघालं, कोणी नेलं आणि कुठे पोचलं याचा माग कधीही सुटू नये, म्हणून आमचा जन्म. पांढरी प्रत केंद्राची, पिवळी ड्रायव्हरची, गुलाबी सही होऊन पोचपावती म्हणून परत येणारी. मी हिरवट. मी कुठेच जात नाही. पाठवणाऱ्याच्या फायलीत बसायचं आणि गुलाबी बहिणीची वाट पाहायची, एवढंच माझं काम.

मला लिहिलं नोंदणीच्या बाईंनी. त्यांचं टेबल पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळ. अक्षर मोत्यासारखं, एका ओळीत एक पिंप: क्रमांक, वजन, आत काय, किरणोत्सर्ग मोजायच्या मीटरवर किती भरलं. इस्पितळात म्हणत, बाईंचा कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नियम असा होता की ट्रक लागल्यावर, पिंपं चढताना, समोर उभं राहून मला भरायचं. पण बाई मला आदल्या संध्याकाळीच भरून ठेवत. आळस म्हणून नव्हे. ट्रकवाल्या काकांना खोळंबा नको म्हणून.

काकांची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. कूस बदलायलासुद्धा माणूस लागे. मुलगी कामावरून यायच्या आत, उजेड असताना त्यांना घर गाठायचं असे. बाईंना ते ठाऊक होतं. माणसाला माणसाची कणव येते, त्यात वाईट काय? मला आजही कळत नाही.

त्या दिवशी काका आले ते हसतच.

"काय बाई, पाहुणे तयार आहेत ना माझे?"

"कधीचे. तुमचीच वाट बघतायत."

"गुणी हो फार. वाटेत चहा मागत नाहीत, की खिडकीसाठी भांडत नाहीत. नाहीतर आमचे मेव्हणे!"

बाई हसल्या आणि आम्हा चौघांना त्यांच्यापुढे सरकवलं. "नऊ आहेत या वेळी. करा सही."

काकांनी पेन घेतलं आणि क्षणभर थांबले. "खाली जाऊन मोजून येऊ?"

"मी मोजलेत ना. जा तुम्ही, वहिनी वाट बघत असतील."

हे वाक्य त्या बोलल्या, अशी माझी समजूत आहे. पुढे मी स्वतःलाच हजारदा विचारलं, की हे खरंच बोललं गेलं, की काकांवरच्या मायेपोटी मीच ते मागाहून रचलं? माझ्यावर आवाज उमटत नाही. सही तेवढी उमटते. काकांनी ती झरकन केली. माझ्यापर्यंत तिचा नुसता ओरखडा आला.

अकराव्या दिवशी गुलाबी प्रत परत आली. बाईंनी पाकीट फोडलं, तिला माझ्याशेजारी ठेवलं आणि वाचता वाचता त्यांचं बोट थांबलं. केंद्राच्या कारकुनानं तांबड्या शाईत लिहिलं होतं: आठ मिळाली.

अशी तफावत दिसली की त्याच दिवशी कळवायचं, असा नियम. बाईंनी आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि गुलाबीला, खणात ठेवून कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी कळवलं. त्या एका दिवसात त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते खणात मला कसं कळणार?

मग चक्रं फिरली. सुरक्षा अधिकारी साहेबांनी सामान चढवणाऱ्यांना बोलावून विचारलं, "सगळी चढवली?"

"हो साहेब. चार फेऱ्या केल्या."

"नक्की चार?"

"नेहमीच्याच की. चार म्हणजे चार."

ते खरंच बोलले. हातगाडीवर दोन पिंपं मावत आणि दर महिन्याला आठच असत. त्या खोलीत जितका कमी वेळ काढाल तितकं बरं, असं त्यांना शिकवलेलं. चार फेऱ्या झाल्या की दार ओढून घेऊन ते मोकळे. चौथीनंतर पाचवीही लागेल हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि चार दुणे आठ हे साहेबांच्या ध्यानात आलं नाही. साहेबांसमोर मी होतो. माझ्यावर नऊ निघाल्याचं लिहिलं होतं, म्हणजे तळघर रिकामं. कागदावर रिकाम्या असलेल्या खोलीत कशाला उतरायचं? उलट, आणखी घोळ नको म्हणून त्यांनी त्याच आठवड्यात तिला कुलूप घालून वर मोहोर लावली, आणि पुढच्या पिंपांसाठी मागच्या अंगणात नवी खोली उघडली.

शोध रस्त्यावर सुरू झाला. दीडशे मैलांचा रस्ता माणसं मीटर घेऊन चालली. नाले, पुलाखालच्या जागा, भंगाराची दुकानं, विहिरी. रस्त्याकाठच्या वस्त्यांत आया मुलांना घरात कोंडून ठेवू लागल्या. आणि एक पथक काकांच्या घरी गेलं. त्यांनी अंगण पाहिलं, पाण्याची टाकी पाहिली, मग बायकोच्या गादीवरूनही मीटर फिरवला. काही सापडलं नाही. पण शेजाऱ्यांनी मीटर पाहिला होता. काका ट्रक घेऊन बाहेर गेले की कूस बदलायला येणारी शेजारीण त्या दिवसापासून आली नाही.

काका इस्पितळात आले. या वेळी पाहुण्यांची चौकशी नाही. टेबलाशी उभे राहिले, बसले नाहीत.

"बाई, तुम्हीच सांगा हो साहेबांना. मी म्हटलं होतं ना, मोजून येतो म्हणून?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"ते म्हणतात, वाटेत टाकलंस. मी कशाला टाकू? मला काय त्याचं लोणचं घालायचंय? बाई, लायसन जाईल माझं. ते गेलं तर गेलं, पण लोक दार लावून घेतायत तोंडावर. बोला की काहीतरी."

बाईंचं बोट माझ्या कडेवरून फिरत होतं. पुढे आणि मागे. शेवटी खालच्या आवाजात म्हणाल्या, "काका, कागदावर सही तुमची आहे."

"हो. आहे खरी." काकांनी वाकून ती पाहिली. "तुमच्या कागदावर मी कधी डोळे उघडून सही केलीच नाही बघा. चुकलंच माझं."

ते गेले. बाईंनी मला फायलीत लावलं आणि दोरीला दोन गाठी मारल्या.

लायसन गेलं. पिंप हरवल्याचा शेरा पडला, जबाबदार ड्रायव्हर. बाईंनी त्यानंतर एकही रवानगीपत्र आदल्या दिवशी भरलं नाही. ट्रक लागला की स्वतः खाली जाऊन प्रत्येक पिंपाला हात लावत आणि मोठ्यानं आकडा म्हणत. नवे ड्रायव्हर कंटाळत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी माझी फाईल काढली, उघडली नाही, परत ठेवली. त्यांना मी क्रूर म्हणू का? म्हणवत नाही. पण काकांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, हेही मला टाळता येत नाही.

अकरा वर्षं मी कपाटात होतो. कडा पिवळ्या पडल्या, कार्बन आणखी फिकटला. मग जुनी इमारत पाडायची ठरली आणि मोहोर लावलेलं तळघर उघडलं. एका सकाळी नव्या अधिकारीणबाई मला हातात घेऊन जिना उतरल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी ती खोली पाहिली, जिच्याबद्दल मी इतकी वर्षं खात्रीनं बोलत होतो. त्यांनी तिथल्या एकमेव पिंपाचा क्रमांक वाचला, माझी नववी ओळ वाचली, मग पुन्हा पिंपाचा क्रमांक. एकच होता. मीटर लावला, तर काटा जेमतेम हलला. आतलं सगळं केव्हाच निवलं होतं.

त्यांनी काकांच्या घरी फोन केला. मुलीनं उचलला. "बाबा जाऊन चार वर्षं झाली," ती म्हणाली. "आई त्यांच्या आधीच गेली." मग विचारलं, "तुम्ही हे लेखी द्याल का?"

लेखी दिलं. माझ्यावर मात्र खाडाखोड करता येत नाही. बंद झालेल्या फायलीचा तसा नियम आहे. म्हणून माझ्यावर आजही नऊच लिहिलेलं आहे, आणि खाली काकांची सही. तुमच्या हाती कधी माझ्यासारखा कागद आला, तर त्याचं ऐकून घ्या, पण एकदा जिना उतरून पाहा. आम्हाला कोणी सांगितलं तेवढंच ठाऊक असतं.

एक गोष्ट मात्र मला कोणी सांगितलेली नाही, ती मी स्वतः पाहिली. मुलीला दिलेल्या पत्रात, बहुधा इस्पितळाची लाज राखायला, लिहिलं आहे की पिंप खांबाआड राहिल्यामुळे नजरेस पडलं नाही. त्या खोलीत खांब नाही. पिंप समोरच्या भिंतीला टेकून उभं होतं, आणि दार उघडताच दिसत होतं.