शेवटच्या वडीची वाटणी

मिनेसोटातल्या आमच्या कॉलेजाने माजी विद्यार्थ्यांची पहिली सहल कोस्टा रिकाला न्यायचे ठरवले. केळीच्या मळ्यांचा इतिहास हा माझा जन्माचा विषय, म्हणून व्याख्याता मी. माझ्यासोबत माझ्या पत्नीला, इंग्रिडलाही नेणार होते. डॉक्टरांनी आशा सोडलेल्या तिला एकदा उबदार समुद्रात पाय बुडवायचे होते.

पूर्वतयारीच्या सभेला बाहेर बर्फ पडत होता आणि आत मंडळी नव्या गवती टोप्या घालून बसली होती. मी व्याख्यानाचा मसुदा वाचून दाखवला.

"जरा वेगळंच आहे हो, प्रोफेसर," संयोजिका मार्लिस म्हणाली. आमच्याकडे नकार याहून कठोर शब्दांत देत नाहीत. "मळ्यातल्या कीटकनाशकाच्या फवारणीनं निपुत्रिक झालेले मजूर तेवढे गाळू या?"

"त्यांचा संपही गाळा," निवृत्त दंतवैद्य व्हर्नन म्हणाला. "सुट्टीला चाललोय, मयताला नाही."

टेबलावर लिंबाची एकच वडी उरली होती. शेवटचा तुकडा कोणी उचलायचा नाही, अर्धा कापून अर्धा ठेवायचा, ही आमची सभ्यता. माझ्या व्याख्यानालाही तिचाच लाभ होत होता.

इंग्रिड खिडकीच्या काचेत आपली टोपी सारखी करत होती. मी तिच्याकडे पाहिले.

"टूकन पक्ष्यांवर बोललो तर?"

"आता कसं!" मार्लिस म्हणाली.

अर्ध्याचे अर्धे होत होत बशीत वडीचा कण उरला होता. तो मी उचलून खाल्ला.

"अरे, शेवटचा होता तो," इंग्रिड कुजबुजली.

तेव्हा कुठे सभा सुन्न झाली. मजुरांच्या वाट्याला तेवढेही आले नव्हते.