हॅफनच्या बेडकाचं पोट

मित्रांनो, मी एक जुना मातीचा बेडूक आहे. तळहातावर मावेन एवढा, शेवाळी रंगाचा, एका डोळ्याने जरा बसका. लोरेनने मला घडवलं. अमेरिकेतल्या यूटा राज्यात, डोंगराखालच्या विद्यापीठात ती संगणकावरची चित्रं शिकायला आली होती आणि हाताला चैन पडत नाही म्हणून शनिवारी कुंभारकामाच्या वर्गाला जायची. भाजताना तडकू नये म्हणून माझं पोट तिने अंगठ्याने आतून चांगलं खोल कोरलं.

तिचे प्रोफेसर एल्डन हॅफन. लेझरने वस्तू मोजून संगणकाच्या पडद्यावर तिची हुबेहूब नक्कल उभी करायची, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांना एक वस्तू हवी होती, पण चकाकणारी नको, कारण चकाकी असली की लेझरचा किरण भलतीकडेच पळतो. लोरेनने मला त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"हा चालेल? चमक म्हणून नाही याला. माझ्यासारखाच."

एल्डन मोकळेपणी हसले. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. विद्यार्थ्याचा लेख कितीही भिकार असो, ते ओळ न ओळ तपासत. सणाला ज्यांना घरी जाता येत नसे, त्यांना स्वतःच्या घरी जेवायला बसवत.

किरण माझ्यावर चहूबाजूंनी फिरला, पण पोटातल्या खळग्याच्या तळाशी काही पोचेना. पडद्यावरच्या माझ्या नकलेला तिथे भोकच राहिलं. सगळे तिथेच अडले. आजूबाजूच्या वळणांवरून अंदाज बांधून ते भोक बुजवायची युक्ती काढली ती लोरेनने. नकलेचं पोट छान सपाट झालं. एल्डननी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

मग जानेवारी आला. या युक्तीवरचा लेख छापायला पाठवायची मुदत तेव्हाची, आणि या लोकांचा जीव वर्षभर तिच्यातच अडकलेला असतो. नेमके त्याच आठवड्यात लोरेनचे वडील शेजारच्या आयडाहो राज्यात वारले आणि ती घरी गेली. प्रयोगशाळेची रीतच अशी, की शेवटच्या आठवड्यात लेखातली चित्रं जो काढेल त्याचं नाव पुढे. चित्रं ब्रँट नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याने काढली. लेखावर ब्रँट आणि एल्डन. लोरेन कुठे? तळाशी, आभारात, 'बेडूक दिल्याबद्दल'.

"रीत आहे गं ती," एल्डन तिला म्हणाले. "पुढच्या लेखावर पहिलं नाव तुझंच."

"माझी युक्ती या लेखात गेली, एल्डन. पुढच्यात काय घालू?"

ती शिक्षण अर्धवट टाकून गेली. मला तेव्हा जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

माझी नक्कल मात्र जगभर गेली; संगणकावर चित्रं करणारे आपली नवी युक्ती आधी तिच्यावरच करून बघत. कुणी तिला पडद्यावर काचेची केली, कुणी सोन्याची, कुणी तिला आगीत नाचवलं. सगळे तिला 'हॅफनचा बेडूक' म्हणत. एल्डनना मानसन्मान मिळाले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

एल्डन निवृत्त झाले तेव्हा जुने विद्यार्थी जमले. लोरेनही आली. ती आता शाळेत गणित शिकवते. टेबलावर हिरव्या जेलीचा बेडूक होता. ब्रँटला मला काचेच्या पेटीत घालून एल्डनना भेट द्यायचं होतं. त्याने मला पुसलं आणि उलटं केलं.

"अरे, याच्या पोटात खड्डा! आपल्या बेडकाचं पोट तर सपाट आहे."

इतकी वर्षं सगळ्यांनी नक्कलच पाहिलेली; बुजवलेलं भोक ब्रँटही विसरलेला. तिच्याशी जुळत नाही तो खोटा, असा त्यांचा हिशेब. एकाने तर मला पडद्यावरच्या नकलेशेजारी धरून ताडून पाहिलं.

"पार फसलेली नक्कल आहे ही. एल्डन, तुम्हीच सांगा, हा खरा आहे का?"

एल्डननी मला हातात घेतलं आणि मान वर केली. समोर लोरेन उभी होती. खरा हाच, आणि ते पोट हिने बुजवलं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग लेखावर तिचं नाव का नाही, हेही कुणीतरी विचारलं असतं.

"छे रे," ते म्हणाले. "खरा केव्हाच हरवला."

सगळे हळहळले. लोरेन पुढे आली.

"एल्डन, मग हा खोटा मी घरी नेऊ?"

"ने ना," ते म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, मला जपा, माझी धूळ पुसा, असं मी म्हणत नाही. मातीचा आहे, कधीतरी फुटेनच. पण उद्या तुमच्यापैकी कुणी मास्तर झालं, तर ज्याचं काम त्याचं नाव तो समोर असतानाच घ्या. ती समोरच होती हो, हातात जेलीची बशी धरून.